आपला संगणक फार जुना आहे

जयवंता: हं, आता काय म्हणून राहिला तो? मोठ्यानं वाच, पोरी. माह्या डोळ्याले ते नुसतं पांढरं पांढरं दिसते.

पौर्णिमा: तेच म्हणतो आहे, मावशी. तिसऱ्यांदा. "आपला संगणक फार जुना आहे. कृपया नवा संगणक आणून पुन्हा प्रयत्न करा."

जयवंता: जुना? दिवाळीत माह्या पोरानं, श्यामनं, पुण्याहून पाठवला. त्याच्या झाकणावरचं प्लास्टिक मी अजून काढलं नाही.

पौर्णिमा: दिसतं ना मला. माझ्या अख्ख्या दुकानात याच्याएवढं नवं मशीन नाही.

जयवंता: मंग खोटं काहून बोलते?

पौर्णिमा: तुमचा लॅपटॉप नाही बोलत, मी बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हमधली ही सीडी बोलते. तिच्यातला इन्स्टॉलर. प्रोग्राम आत बसवायच्या आधी तो दारात उभा राहून चौकशी करतो. तू कोणता, तुझ्यावर सिस्टीम कोणती, कितव्या नंबरची. पटलं तर आत जातो. नाही पटलं तर दारातूनच परत.

जयवंता: म्हणजे पोरगी पाहायले आलेल्या मामावाणी.

पौर्णिमा: तसंच. अन् या मामाला पोरगी म्हातारी वाटून राहिली.

जयवंता: हसू नको व माय. माहं काम उद्यावर येऊन बसलं आहे.

पौर्णिमा: नाही हसत. सांगा, उद्या काय आहे? साडेचारची गाडी आहे ना तुमची चांदूर बाजारची? अजून दोन तास आहेत.

जयवंता: उद्या सकाळी महादेवराव नर्सरीवाले येतात आमच्या संत्र्याच्या बगीच्यात. डोळे घ्यायले. त्याइच्याकडे जंभेरी लिंबाचे तीनशे खुंट तयार आहेत. त्या खुंटावर आपल्या झाडाचा डोळा बांधला का कलम होते. खुंटाची साल याच आठवड्यात मोकळी सुटून राहिली. मंग थंडी वाढली का डोळा धरत नाही.

पौर्णिमा: मग द्या की डोळे. सहाशे झाडं आहेत म्हणालात.

जयवंता: होते सहाशे. अर्धे डिंक्यानं नेले. तो रोग लय वाईट, पोरी. खोडातून डिंक गळते, अन् झाड उभ्या उभ्या वाळते. आता नवीन लावायचं, तं ज्याले डिंक्या शिवत नाही अशाच झाडाचे डोळे पायजेत. नाही तं दहा वर्षानं पुन्हा तेच. माह्याजवळ आणखी दहा वर्षं आहेत का नाहीत, कोण जाणे.

पौर्णिमा: असं झाड आहे?

जयवंता: एक आहे. सहाशेत एक.

पौर्णिमा: कोणतं?

जयवंता: तेच तं या सीडीत आहे.

पौर्णिमा: झाड तुमच्या बगीच्यात, अन् त्याचा पत्ता सीडीत?

जयवंता: श्यामचे बाबा सांगत. "जयवंता, एक झाड आहे, कधी नवीन लावायचं झालं तं त्याचेच डोळे घ्यायचे. कॉम्प्युटरात लिहून ठेवलं मी." मी म्हणो, दाखवा. ते म्हणत, दाखवतो, घाई काय आहे. सात वर्षं झाले त्याइले जाऊन.

पौर्णिमा: त्या झाडाला काही खूण? रंगाची पट्टी, काही?

जयवंता: दरसाल सगळ्या खोडाले बोर्डोचं निळं औषध लागते. सहाशे खोडं एका रंगाचे. खूण राहते कुठी?

पौर्णिमा: फळावरून ओळखता येत नसेल?

जयवंता: व्यापाऱ्यानं परवाच तोड केली. अन् मी आता विहिरीकडचेच झाडं पायतो. नाल्याच्या टोकाले जात नाही. गुडघे दुखतात.

पौर्णिमा: हो, या वयात चालणं होत नाही.

जयवंता: गुडघ्याचं निमित्त आहे. एकटीनं तिकडे गेलं का वाटते, आता त्या पुढच्या झाडामागून निघतील. अन् कोणी निघत नाही. मंग कायले जावं?

पौर्णिमा: जुना कॉम्प्युटर कुठे आहे?

जयवंता: श्रावणात वीज पडली, आतून जळला. आडातच नाही तं पोहऱ्यात कुठून येईन? ह्या दोन सीड्या तेवढ्या राहिल्या. एकीत ते बागवही, झाडं लिहून ठेवायचा प्रोग्राम, अन् एकीत त्याइनं लिहिलेलं सगळं. लोखंडी कपाटात होत्या, माह्या शालूच्या घडीत.

पौर्णिमा: दुसरी मी पाहिली. फाइल साबूत आहे. पण ती बागवहीशिवाय उघडत नाही. अन् बागवही आत यायला तयार नाही.

जयवंता: मंग?

पौर्णिमा: एक युक्ती करून पाहू. इथं उजवं बटण दाबलं की एक सोय आहे. जुन्या प्रोग्रामला सांगता येतं की हे नवं मशीन नाही, जुनंच आहे, ये बिनधास्त.

जयवंता: थांब. तो म्हणते, जुनं आहे म्हणून नको. अन् तू त्याले सांगतं, जुनं आहे म्हणून ये.

पौर्णिमा: उलटं वाटतं खरं. माझ्याही डोक्यात बसत नाही. पण सांगून पाहते. विंडोज सेव्हन आहे म्हणते... हं. काहीतरी वेगळं बोलला.

जयवंता: काय?

पौर्णिमा: "हा संगणक ओळखीचा नाही. पुढे जाता येणार नाही. देवानंद, अकोला, यांना फोन करावा." खाली नंबर आहे. घरचा फोन, जुन्या वेळचा.

जयवंता: देवानंद सर. तेच ते. त्याइनंच केलं होतं बागवही. चांदूर बाजारले रविवारी कॉम्प्युटरचा वर्ग घेत. लाव फोन.

पौर्णिमा: मावशी, वीस वर्षांपूर्वीचा नंबर आहे. लोकांनी असे फोन कधीच काढून टाकले.

जयवंता: लाव तं खरं. लागला नाही तं काय जाते?

पौर्णिमा: लावते. सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवते... वाजतो आहे. अजून वाजतो आहे.

देवानंद: हॅलो?

पौर्णिमा: नमस्कार. देवानंद सर का?

देवानंद: हो, मीच. माफ करा, उचलायला वेळ लागला. हा फोन वाजला म्हणून मी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग दाराकडे. चार वर्षांत वाजला नव्हता.

पौर्णिमा: सर, मी पौर्णिमा. अमरावतीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तुमची बागवहीची सीडी घेऊन एक मावशी आल्यात.

देवानंद: बागवही. ... कोणाची? अकरा केल्या होत्या मी. अकराच्या अकरा कव्हरांवर हा नंबर आहे, म्हणून हा फोन ठेवला. मुलगी म्हणते, बाबा, काढून टाका. मी म्हणतो, कोणी विचारलं तर?

जयवंता: सर, मी जयवंता. सहदेवरावांच्या घरून.

देवानंद: वहिनी. ... सहदेवराव कसे आहेत?

जयवंता: ते नाहीत आता. सात वर्षं झाले.

देवानंद: मला कळलं नाही हो. कोणी सांगितलंच नाही. रविवारी सगळ्यात आधी यायचे वर्गाला. चप्पल बाहेर, पँट पोटरीपर्यंत वर, पायाला ओली माती. माउस कसा धरायचे माहीत आहे? वखराची मूठ धरतात तसा. मी म्हणायचो, सहदेवराव, हळू, तो पळून नाही जाणार.

जयवंता: घरी बी तसाच धरत. टेबल हालत होता त्याइचा.

पौर्णिमा: सर, एक अडचण आहे. मशीन एकदम नवं आहे, अन् इन्स्टॉलर म्हणतो फार जुनं आहे. जुनं आहे असं भासवलं तर म्हणतो ओळखीचं नाही.

देवानंद: कितवं आहे तुमचं?

पौर्णिमा: सिस्टीमचा नंबर दहा पॉइंट काहीतरी.

देवानंद: दहा. ... अरे, अरे, अरे.

पौर्णिमा: काय झालं, सर?

देवानंद: माझी चूक आहे, बाळ. मी लिहिलं तेव्हा पाच चालू होता. त्याच्या आधी चार. मी इन्स्टॉलरला शिकवलं, पहिला आकडा वाच. पाच असेल तर आत जा. पाचापेक्षा लहान असेल तर मशीन जुनं आहे असं सांग. नऊच्या पुढे गाडी जाईल हे मनातच आलं नाही. तो दहातला एक तेवढा वाचतो, अन् त्याला वाटतं, हे तर चाराच्याही आधीचं.

जयवंता: म्हणजे शंभरीच्या माणसाले त्यानं एक वर्षाचं लेकरू धरलं.

देवानंद: अगदी तसंच, वहिनी.

पौर्णिमा: अन् सातला ओळखीचा नाही म्हणाला तो?

देवानंद: ते मुद्दाम. मला धास्ती वाटायची. उद्या काही नवीन सिस्टीम येईल, त्यावर बागवही वेडीवाकडी चालेल, आणि कोणाची तरी सगळी लिहिलेली झाडं पुसली जातील. म्हणून शिकवलं, अनोळखी दिसला की दार उघडायचं नाही, मला फोन करायला सांगायचं. मी काय, रोज फोनजवळच असणार होतो.

जयवंता: आहात ना अजून.

देवानंद: हो. आहे खरा.

पौर्णिमा: म्हणजे सर, त्याला बरोबर पाच सांगायला पाहिजे. म्हणजे एक्सपी, त्या वेळची विंडोज.

देवानंद: एक्सपी सांगा. त्याच्या ओळखीचं तेवढंच आहे.

जयवंता: पोरी, एक इचारतो. तू त्याले असं सांगितलं, तं तो लॅपटॉप खराच जुना होते का?

पौर्णिमा: नाही, मावशी. लॅपटॉप आहे तसाच राहतो. फक्त त्या एका प्रोग्रामला वाटतं की आपण जुन्या मशीनवर आहोत. बाकी सगळ्यांसाठी आजचं साल. त्याच्यासाठी अजून दोन हजार चार.

जयवंता: त्याच्यासाठी अजून दोन हजार चार.

पौर्णिमा: हो. त्याच्या एका खिडकीपुरतं.

जयवंता: मले एक सपन पडते. बगीचा सगळा फुलानं फुटलेला आहे, अन् ते वही घेऊन झाडं मोजून राहिले. मी आवाज देतो, जेवायले या. ते बोट वर करतात, थांब म्हणून, आकडा चुकेल. मी थांबतो. डब्बा हातात. ऊन असं पिवळं, आत्ता तुह्या काउंटरवर आहे ना, तसं. अन् मले ठाऊक राहते का हे गेलेले आहेत, पण सपनात काही सांगता येत नाही. आकडा चुकेल म्हणून.

देवानंद: कितव्या झाडापर्यंत जातात ते?

जयवंता: कधीच सहाशे होत नाहीत, सर. त्याच्या आधी जाग येते.

पौर्णिमा: मावशी, पाहा. गेला आत. "बागवही आपल्या संगणकावर बसवली आहे. झाडांना पाणी द्या."

देवानंद: हो, ते शेवटचं वाक्य मी घातलं होतं. तेव्हा गंमत वाटली होती.

पौर्णिमा: आता दुसरी सीडी लावते. फाइल उघडली. नकाशा येतो आहे... आई गं.

जयवंता: काय झालं? मले पाहू दे. सरक. ... हे काय आहे?

देवानंद: काय दिसतंय? ठिपके दिसतात का? महिना पाहून ते रंग बदलतात. आता आंबिया बहाराची, हिवाळ्यात पिकणारी फळं असतील, तर केशरी.

जयवंता: सगळे भरलेले आहेत. एक बी जागा खाली नाही. तीस ओळी, अन् वीस वीस झाडं. ते दारापासचं, ते मोटरीपासचं, पार गेलेले सगळे. सगळेच आहेत.

पौर्णिमा: कोणतं झाड गेलं ते याला कोणी सांगितलंच नाही ना, मावशी. सात वर्षं कोणी उघडलंच नव्हतं.

जयवंता: बरं झालं नाही सांगतलं.

पौर्णिमा: पाणी देऊ का?

जयवंता: नको. रडून नाही राहिली मी. पाहून राहिली. जरा वेळ असंच राहू दे.

देवानंद: राहू द्या, बाळ. काही घाई नाही.

पौर्णिमा: प्रत्येक झाडावर दाबलं की खाली शेरा दिसतो, सर. त्यांनी भरपूर लिहिलं आहे. वाचू, मावशी?

जयवंता: वाच.

पौर्णिमा: "झाड एक्केचाळीस. वानरं आधी इथंच येतात." "झाड एकशे बारा. श्याम इथून पडला. हात मोडला नाही, फांदी मोडली." "झाड दोनशे पाच. आडवी फांदी जयवंताच्या डोक्याले लागली. छाटली."

जयवंता: टेंगूळ आलं होतं. मी म्हटलं राहू द्या, फळ आहे तिच्यावर. छाटली कधी हे मले ठाऊकच नाही.

पौर्णिमा: तारीख आहे. दुसऱ्या दिवशीची.

जयवंता: कधी बोलले नाहीत. ... पुढं वाच. ते झाड शोध.

पौर्णिमा: "डिंक्या" टाकून शोधते. फार झाडं येतात... हे पाहा. हेच असेल. "झाड दोनशे सदुसष्ट. कधीच डिंक्या नाही. उशिरा पिकते. साल कागदावाणी. डोळे घ्यायचे तं याचेच. इथं बसलं का नाल्याचं पाणी ऐकू येते."

देवानंद: दोनशे सदुसष्ट. नकाशावर दाखवा म्हणा.

पौर्णिमा: चमकतं आहे. चौदावी ओळ, विहिरीकडून सातवं झाड. मावशी, सापडलं. घ्या, साडेचारच्या आधी सापडलं.

जयवंता: चौदावी? विहिरीकडून सातवं?

पौर्णिमा: हो.

जयवंता: पुन्हा मोज.

पौर्णिमा: मोजलं, मावशी. सातवंच.

जयवंता: तिथं झाड नाही. खड्डा आहे. दोन वर्षं झाले, मीच उपटून फेकायले लावलं.

पौर्णिमा: कशानं गेलं होतं?

जयवंता: डिंक्यानं.

देवानंद: वहिनी, त्यांनी लिहिलं तेव्हा नसेल आला. पुढच्या वर्षांत आला असेल.

जयवंता: म्हणजे मीच उपटलं ते. ज्याच्या भरवशावर मी इतके वर्षं निवांत होती, ते मी आपल्या हातानं चुलीत घातलं. महादेवरावाले आता काय सांगू, नका येऊ म्हणू?

पौर्णिमा: मावशी, बसा. खाली बसा आधी.

जयवंता: ते म्हणत, घाई काय आहे. मी एकदा हात धरून नेलं असतं त्याइले, का दाखवा आत्ताच, तं आज ही पाळी आली नसती. मले तेवढं बी सुचलं नाही.

देवानंद: वहिनी, असं नका मनाला लावून घेऊ.

जयवंता: ... पोरी, तो शेरा पुन्हा वाच. शेवटचं.

पौर्णिमा: "इथं बसलं का नाल्याचं पाणी ऐकू येते."

जयवंता: विहिरीकडून सातवं. तिथं मोटर चालते, दिवसभर. नाला पार दुसऱ्या टोकाले आहे. तिथं बसून नाल्याचं पाणी कसं ऐकू येईन?

पौर्णिमा: मोटर बंद असेल तेव्हा?

जयवंता: बंद असली तरी नाही. मी तिथं रोज बसतो. ... थांबा. बोलू नका कोणी. मले चालू द्या.

पौर्णिमा: मावशी, कुठे निघाल्या?

जयवंता: अठीच आहो. डोळे मिटले नुसते.

देवानंद: चालू द्या त्यांना.

जयवंता: पहिली ओळ. ते पुढं, हातात वही. मी मागं. विहिरीपासून निघालो. एक. दोन. झाडाले हात लावतात, मंग लिहितात. ... अठरा. एकोणीस. वीस. आला नाला. आता ते विहिरीवर परत येतात का? नाही येत. तिथंच वळतात.

देवानंद: वळतात?

जयवंता: दुसऱ्या ओळीत शिरतात. नाल्याकडून विहिरीकडे. एकवीस, बावीस, तेवीस. बैलावाणी. सगळा जन्म वखरामागं गेला त्याइचा. वावराच्या टोकाले तास संपला का तिथंच वळायचं. रिकामं चालत परत यायचं त्याइले जमतच नव्हतं. हातात वही आली तरी पाय तं वखराचेच.

पौर्णिमा: म्हणजे पहिली ओळ विहिरीकडून, दुसरी नाल्याकडून, तिसरी पुन्हा विहिरीकडून. चौदावी...

जयवंता: चौदावी नाल्याकडून. नाल्याकडून सातवं मोज, पोरी.

पौर्णिमा: दोनशे एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... दोनशे सदुसष्ट. विहिरीकडून पाहिलं तर चौदावं. ते आहे का मावशी, ते झाड? जिवंत आहे?

जयवंता: तीन वर्षं झाले, तिकडे गेली नाही. ठाऊक नाही.

देवानंद: वहिनी, मी त्यांना विचारलंच नाही हो.

जयवंता: काय, सर?

देवानंद: तुम्ही कसे चालता. मी कागदावर शिकलेला माणूस. ओळ संपली की पुन्हा डावीकडे यायचं, हीच मला सवय. मला वाटलं, शेतातही तसंच असणार. सहदेवराव एकदा म्हणाले होते, "सर, तुमच्या नकाशात माहे झाडं उलटे दिसतात." मी म्हणालो, आकडा बरोबर टाका म्हणजे झालं. गप्प बसले बिचारे. मास्तर म्हणतो तर बरोबरच असेल.

पौर्णिमा: तुमच्या इन्स्टॉलरसारखंच झालं, सर. पहिला आकडा वाचला अन् ठरवून टाकलं.

देवानंद: हो. मालकावर गेला.

जयवंता: मनाले लावून घेऊ नका, सर. आत्ताच तुमी मले म्हटलं ना.

देवानंद: नाही लावत. पण आता दुरुस्त करतो. पूर्ण आकडा वाचायला शिकवतो त्याला. आणि अनोळखी मशीन दिसलं तर अडवायचं नाही. एवढंच म्हणायचं, मी तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या फाइलची एक प्रत आधी बाजूला ठेवा, आणि या. बाकी दहा जणांनाही पाठवतो. असतील तिथं.

पौर्णिमा: अन् नकाशाला वखरासारखं चालायला शिकवा.

देवानंद: ते तर आधी. पण बाळ, विचारून घ्यायला हवं. कोणी मधल्या ओळीपासून मोजलं असेल, कोणी फक्त फळधारी झाडं मोजली असतील. यावेळी विचारूनच करतो.

जयवंता: सर, तो फोन काढू नका.

देवानंद: नाही काढत, वहिनी.

पौर्णिमा: मावशी, सव्वाचार होत आले. लॅपटॉप पिशवीत ठेवते. बागवहीची अन् फाइलची एकेक प्रत माझ्याकडे राहू देऊ?

जयवंता: राहू दे. पैसे किती झाले?

पौर्णिमा: सकाळी ते झाड पाहून फोन करा, मग सांगते.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, फोनवर.)

जयवंता: पौर्णिमा? झोपली तं नव्हती?

पौर्णिमा: नाही मावशी, सहापासून फोन हातातच आहे. कुठे आहात?

जयवंता: चौदाव्या ओळीत. नाल्याकडून सातवं.

पौर्णिमा: एकट्या गेलात?

जयवंता: महादेवराव विहिरीवर बसले आहेत, चाकू घासून राहिले. मी म्हटलं, आधी मी जाऊन येतो. चालत आली सावकाश. काही नाही होत गुडघ्याले.

पौर्णिमा: झाड?

जयवंता: आहे.

पौर्णिमा: कसं आहे?

जयवंता: आजूबाजूचे चारही वाळले. हे उभं आहे मधात. खोडावर डिंकाचा एक टिपूस नाही. अन् आईक, याच्यावर फळं आहेत. पंधरा-वीस राहिले असतील. व्यापाऱ्याच्या माणसाइनं हिरवे म्हणून सोडून देले. उशिरा पिकते ना हे. आता कुठी रंग धरून राहिलं.

पौर्णिमा: सालीचं काय म्हटलं होतं त्यांनी? कागदावाणी?

जयवंता: एक सोललं आत्ताच. आंबट आहे अजून. पण साल कागदावाणीच.

पौर्णिमा: मावशी, मला खूप बरं वाटलं.

जयवंता: मले बी. वाटलं होतं, अठी आली का रडू येईन. आलं नाही. बसली आहो खाली. थांब, बोलू नको जरा. फोन खाली धरतो. ... आलं का काही ऐकू?

पौर्णिमा: खळखळ काहीतरी. नाला का?

जयवंता: हो. बरं, तुह्याजवळ ते बागवही आहे ना? या झाडाच्या शेऱ्यात आणखी लिहाले जागा आहे का?

पौर्णिमा: एका ओळीची आहे. सांगा, काय लिहू?

जयवंता: लिही. पाणी अजून ऐकू येते.